मध, परागकण आणि प्रोपोलिसमधले अँटिऑक्सिडंट मोजताना: नवख्यांसाठी पहिल्या दिवसापासून

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मधावर प्रकल्प करायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी चार टेस्ट ट्यूब लावायला सांगते. पहिलीत कच्चा मध. दुसरीत तोच मध, पण दोन दिवस ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलेला. तिसरीत साखरेचा पाक आणि चौथीत काळ्या गुळाचा पाक. चारही पाण्यात सारखेच पातळ केलेले. प्रत्येकीत डीपीपीएच नावाच्या रसायनाचं गडद जांभळं द्रावण घालायचं आणि स्टँड अर्धा तास कपाटात, अंधारात ठेवायचा.

कपाट उघडल्यावर साखरेची नळी जांभळीच असते. कच्च्या मधाची फिकट झालेली असते. तापवलेल्या मधाची बहुतेक वेळा त्याहूनही फिकट असते आणि गुळाची नळी पार पिवळी पडलेली असते. मुलं गोंधळतात. मध जितका चांगला तितका रंग उडणार, असं ऐकून ती आलेली असतात. मग गूळ पहिला कसा आला?

मधाचं मोजमाप करू पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हेच पाहायला हवं, म्हणून ही सुरुवात. या चाचण्या नळीतल्या पदार्थाची इलेक्ट्रॉन द्यायची क्षमता मोजतात. तो पदार्थ फुलातून आला, गुळातून आला की मध करपल्यामुळे तयार झाला, हे त्यांना कळत नाही. गुळाची भेसळ केलेला मध या चाचणीत अस्सल मधाच्या पुढे जाऊ शकतो. आकडा शुद्धतेचा दाखला नव्हे, एवढं पक्कं ठेवून पुढे वाचा.

कोणती चाचणी निवडायची

मधातले अँटिऑक्सिडंट म्हणजे मुख्यतः वनस्पतींतून आलेली फिनॉलिक आम्लं आणि फ्लॅव्होनॉइड. त्यांच्या जोडीला थोडी एन्झाइम आणि अगदी थोडं क जीवनसत्त्व. मधात सुमारे ८० टक्के साखर असते आणि उरलेल्यात बहुतेक पाणी, त्यामुळे आपण शोधतो ते घटक १०० ग्रॅममध्ये काही मिलिग्रॅमच भरतात. मोजमापाच्या निम्म्या अडचणी या विषम प्रमाणातून येतात.

नवख्याने दोनच चाचण्या धराव्यात: फोलिन आणि डीपीपीएच. फोलिन आणि चोकाल्तू यांनी १९२७ मध्ये काढलेल्या अभिकर्मकाने एकूण फिनॉल मोजतात. आजची रीत सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५ मध्ये बसवली. डीपीपीएच हा बाटलीत टिकणारा मुक्त मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी असलेला रेणू आहे. इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचा जांभळा रंग उडतो, आणि त्याचा असा वापर ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये दाखवला. दोन्हींना साधा व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. तोही नसेल तर कॉलेजातला जुना कलरिमीटर चालतो: डीपीपीएचला ५२० नॅनोमीटरचा हिरवा फिल्टर, फोलिनच्या निळ्या रंगाला ६६० किंवा ६८० चा लाल. क्वार्ट्झच्या क्युव्हेटवर पैसे घालू नका, दृश्य प्रकाशाला काच पुरते.

फ्रॅप आणि एबीटीएस या अशाच दुसऱ्या दोन चाचण्या, पण त्या हात बसल्यावर. एबीटीएसचं द्रावण पोटॅशियम परसल्फेटबरोबर १२ ते १६ तास अंधारात मुरवावं लागतं आणि वापरण्याआधी पातळ करून त्याचं वाचन ७३४ नॅनोमीटरला ०.७० वर आणावं लागतं. फ्रॅपला पीएच ३.६ चा बफर नेमका हवा. ओरॅक या आणखी एका अँटिऑक्सिडंट चाचणीच्या, जाहिरातींत दिसणाऱ्या आकड्यांमागे धावू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला ओरॅकचा तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला, कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होतं ते सांगता येत नाही आणि कंपन्या ते आकडे सर्रास जाहिरातीला वापरत होत्या.

नमुना: इथे चुकलात तर पुढे काही सुधारत नाही

मधपाळ बाटली आणून देतो तेव्हा त्याच्याशी दहा मिनिटं बोला आणि वहीत लिहा. माशी कोणती: सातेरी, आग्या, फुलोरी, डंख नसलेली पोयाची की पेटीतली युरोपियन मेलिफेरा? मध कधी काढला, कुठे काढला, त्या वेळी आजूबाजूला काय फुललं होतं? महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ, गेळा, हिरडा आणि कारवी यांचा मध येतो. कारवी तर सात वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. त्या वर्षीचा नमुना आणि त्याच पेटीचा पुढच्या वर्षीचा नमुना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिकडचे मधपाळ ‘हा जांभळाचा’ असं सहज सांगतात आणि ते अनुभवाने सांगतात. तरी प्रकल्पात तसं लिहायचं असेल तर मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून घ्या. पुण्यात खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. या ओळखीचा अभ्यास नसेल तर अशा ठिकाणी विचारा.

मध कसा काढला, हा प्रश्न तर कधीच विसरू नका. सातेरीच्या पेटीतल्या चौकटी यंत्रात फिरवून काढलेला मध स्वच्छ असतो. आग्याचं पोळं हाताने पिळलं की मधाबरोबर परागकण उतरतात, अळ्यांचा रस उतरतो, मेणाचे कण येतात. परागकणात फिनॉल भरपूर आणि प्रथिनंही भरपूर, आणि फोलिनचा अभिकर्मक प्रथिनांतल्या टायरोसिनलाही निळा रंग देतो. म्हणजे पिळलेल्या मधाचा आकडा फुगतो. पिळलेला आणि यंत्राचा मध एकाच तक्त्यात शेजारी मांडून ‘आग्याचा मध श्रेष्ठ’ असं लिहिलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. ती तुलना माश्यांची नसते, काढणीच्या पद्धतीची असते.

नमुना काचेच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवा. साखर धरली असेल तर बाटली ४० अंशांच्या कोमट पाण्यात ठेवून सावकाश विरघळवा. मायक्रोवेव्ह नको, गॅस नको. दाट कापडातून गाळा, नीट ढवळा, आणि रिफ्रॅक्टोमीटरने पाण्याचं प्रमाण घ्या. ते २० टक्क्यांवर असेल तर मध आंबण्याकडे झुकलेला आहे आणि आपल्या अन्न नियमांतही तो बसत नाही.

मध वजनाने घ्या, मापाने नाही

एका मुलीचे चार महिन्यांचे आकडे यामुळे टाकून द्यावे लागले, म्हणून वेगळं लिहिते. मधाची घनता सुमारे १.४ आहे. १० मिली मध म्हणजे १० ग्रॅम नव्हे, जवळपास १४ ग्रॅम. शिवाय पिपेटच्या आत चिकटून राहिलेला मध दर वेळी वेगळा. तिने मापाने घेतला होता आणि तिच्या एकाच नमुन्याचे तीन आकडे कधी जुळले नाहीत. दोष उपकरणाचा वाटून आम्ही दिवे बदलले, क्युव्हेट बदलल्या. शेवटी ती मध घेताना मी शेजारी उभी राहिले तेव्हा कळलं.

रीत अशी: छोटा बीकर तराजूवर ठेवून शून्य करा, १० ग्रॅम मध त्यातच तोला, त्यातच कोमट ऊर्ध्वपातित पाणी घालून विरघळवा. मग १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोनतीनदा विसळून ते पाणीही त्यातच, आणि खुणेपर्यंत भरा. आता दर मिलीत ०.१ ग्रॅम मध आहे. हे द्रावण त्याच दिवशी वापरा. पातळ केलेल्या मधात ग्लुकोज ऑक्सिडेज जागं होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतं, आणि पुढे यीस्टही वाढतं.

याच वेळी खोटा मध तयार करा: ४० ग्रॅम फ्रुक्टोज, ३० ग्रॅम ग्लुकोज, ८ ग्रॅम माल्टोज, २ ग्रॅम सुक्रोज आणि २० ग्रॅम पाणी. त्याचंही १० ग्रॅमचं तसंच द्रावण. प्रत्येक चाचणीत अस्सल मधाच्या शेजारी हा खोटा मध चालवायचाच. साखरेचा वाटा वेगळा काढायला तो लागतो, आणि तो न चालवता दिलेला फोलिनचा आकडा मी मान्य करत नाही.

फोलिन, सावकाश

गॅलिक आम्ल हे तुलनेसाठी धरलेलं फिनॉल; मधाचा आकडा त्याच्या मापात सांगतात. त्याचं प्रमाण द्रावण आधी: १०० मिग्रॅ गॅलिक आम्ल १०० मिली पाण्यात. त्यातून दर मिलीत २०, ४०, ६०, ८० आणि १०० मायक्रोग्रॅम अशी पाच पातळ द्रावणं करा. हे रोज ताजं, कारण ठेवलेलं गॅलिक आम्ल तपकिरी पडतं.

प्रत्येक नळीत अर्धा मिली नमुना घ्या. फोलिन अभिकर्मक पाण्यात दहापट पातळ करून त्यातला अडीच मिली घाला, हलवा, पाच मिनिटं थांबा. मग ७.५ टक्के सोडियम कार्बोनेटचं द्रावण २ मिली. क्रम उलटा करू नका: अल्कलीत हा अभिकर्मक लवकर मरतो, म्हणून त्याची आणि नमुन्याची गाठ आधी पडायला हवी. दोन तास अंधारात, खोलीच्या तापमानाला. रंग पिवळसरवरून निळा होत जातो. ७६० नॅनोमीटरला वाचा. शून्य करायला नमुन्याऐवजी पाणी घातलेली नळी.

प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या. एकीवरून दुसरीकडे जाताना दर अर्ध्या मिनिटाला एक नळी अशा ठेक्यात अभिकर्मक घाला आणि त्याच ठेक्यात वाचा, म्हणजे सगळ्यांना सारखाच वेळ मिळतो. वीस नळ्यांत हा ठेका न पाळता घाई केली तर पहिली आणि शेवटची यांच्यात दहा मिनिटांचा फरक पडतो.

आकडेमोड एकदा हाताने करून पाहा. समजा गॅलिक आम्लाच्या रेषेचा उतार ०.०१० आणि छेद ०.०१२ आला. तुमच्या मधाचं वाचन ०.४८२. त्यातून ०.०१२ वजा केले, ०.०१० ने भागलं, की ४७ मायक्रोग्रॅम दर मिली. द्रावणात दर मिलीत ०.१ ग्रॅम मध, म्हणून दर ग्रॅमला ४७० मायक्रोग्रॅम, अर्थात १०० ग्रॅमला ४७ मिग्रॅ गॅलिक आम्ल समतुल्य. खोट्या मधाचं वाचन ०.०७२ असेल तर त्याचे याच हिशोबाने ६ मिग्रॅ होतात. वजा जाता ४१. वहीत तिन्ही आकडे ठेवा: ४७, ६ आणि ४१.

नमुन्याचं वाचन १०० मायक्रोग्रॅमच्या प्रमाणाच्या पलीकडे गेलं तर रेषा पुढे ओढून आकडा काढू नका. मधाचं द्रावण निम्मं पातळ करा आणि पुन्हा लावा.

डीपीपीएच

०.१ मिलिमोलर द्रावणाला १०० मिली मिथेनॉलमध्ये फक्त ३.९४ मिग्रॅ डीपीपीएच लागतं. एवढं कमी वजन साध्या तराजूवर खात्रीने घेता येत नाही. म्हणून ३९.४ मिग्रॅ १०० मिलीत विरघळवा आणि त्यातलं १० मिली पुन्हा १०० मिली करा. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि त्याच दिवशी संपवा.

मिथेनॉल विषारी आहे, वाफही आणि थेंबही. फ्यूम हूडखाली काम करा, तोंडाने पिपेट ओढायची नाही, जवळ बर्नर नाही, आणि उरलेलं बेसिनमध्ये न ओतता झाकणाच्या बाटलीत जमा करा. इथेनॉलमध्येही चाचणी होते, पण शुद्ध इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. कॉलेजच्या कोट्यातून मागायचं असेल तर आधी बोलून ठेवा.

मधाची पाच द्रावणं करा: दर मिलीत २०, ४०, ६०, ८० आणि १०० मिग्रॅ. प्रत्येकाचा अर्धा मिली, त्यावर अडीच मिली डीपीपीएच, ३० मिनिटं अंधार, मग ५१७ नॅनोमीटरला वाचन. मधाऐवजी पाणी घातलेली नळी म्हणजे कंट्रोल. तिचं वाचन ०.९ च्या आसपास यायला हवं. फार कमी आलं तर डीपीपीएच जुनं झालंय किंवा वजन चुकलंय, पुढे जाऊ नका.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी नळी. मध स्वतःच रंगीत असतो. गडद मधाचा तपकिरी रंग ५१७ ला थोडा प्रकाश शोषतो आणि डीपीपीएच शिल्लक नसतानाही ‘शिल्लक आहे’ असं दाखवतो. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी अर्धा मिली मध आणि अडीच मिली नुसतं मिथेनॉल अशी एक नळी लावा आणि तिचं वाचन वजा करा. उदाहरणार्थ, कंट्रोल ०.९००, मधाचं ०.५२०, रंगाच्या नळीचं ०.०७०. खरं उरलेलं ०.४५०, म्हणजे नेमका निम्मा डीपीपीएच संपला, ५० टक्के. ही वजाबाकी केली नाही तर तोच मध ४२ टक्क्यांवर दिसतो आणि गडद मधांवर अन्याय होतो.

पाच मात्रांचे टक्के आलेखावर मांडले की ५० टक्क्यांना लागणारी मात्रा मिळते. हा आयसी-५०. तो जितका कमी तितका मध जोरकस. नवख्यांचा हा उलटा हिशोब हमखास चुकतो, म्हणून तक्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा. मात्रा नळीतल्या अंतिम ३ मिलीत धरली की मूळ द्रावणातली, हेही लिहा. दोन्हींत सहापट फरक पडतो.

नळी गढूळ दिसली तर वाचू नका. डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही, आणि मधातली प्रथिनं मिथेनॉलमध्ये साकळतात. सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रावण घ्या.

तापवलेला मध कसा पकडायचा

पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या नळीकडे पुन्हा येऊ. मध तापवला की साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातून तपकिरी मेलॅनॉइडिन बनतात, भाकरीच्या पापुद्र्यावर डाग पडतात तसेच. हे पदार्थ डीपीपीएचचा रंग उडवतात. म्हणून भट्टीवर उकळून बाटलीत भरलेला मध कागदावर चांगला दिसू शकतो.

त्यावर उपाय म्हणजे सोबत एचएमएफ, म्हणजे साखरेपासून बनणारं हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, मोजणं. ताज्या मधात ते नगण्य असतं, तापवल्याने आणि साठवणीने वाढतं. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला ८० मिग्रॅ आहे. अँटिऑक्सिडंटचा आकडा चढा आणि एचएमएफही चढं असेल तर तो जोर फुलांचा आहे असं म्हणता येणार नाही. एचएमएफची सोय नसेल तर निदान मधपाळाला विचारून ‘तापवला / नाही’ असा रकाना भरा. रंगही मोजा: निम्मा पातळ केलेला, गाळलेला मध ४५० आणि ७२० नॅनोमीटरला वाचून वजाबाकी. दोन मिनिटांचं काम आहे, आणि गडद मध फिनॉलमध्ये पुढे असतात का हे आपल्याच नमुन्यांवर पाहता येतं.

परागकण आणि प्रोपोलिस

परागकणाच्या गोळ्या ताज्या असताना त्यात २० ते ३० टक्के पाणी असतं. ४० अंशांखाली सुकवा, खलात बारीक करा आणि ७० टक्के इथेनॉलमध्ये काढा. आकडा कोरड्या वजनावर द्या, नाहीतर ओला आणि सुका नमुना तुलनेला येतच नाही. प्रथिनांमुळे फोलिन इथे सगळ्यात जास्त फसवतं, म्हणून डीपीपीएचवर अधिक भर द्या.

प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडांवरून गोळा करतात ती चिकट राळ. त्यासाठी सातेरीच्या पेट्या खरवडण्यात वेळ घालवू नका. सातेरी ते जवळपास गोळाच करत नाही. मेलिफेराच्या पेटीत किंवा पोयाच्या माशीच्या घरट्यात ते मिळेल. हाताला चिकटतं, म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून थंड असतानाच कुटा. १ ग्रॅमला १० मिली ७० टक्के इथेनॉल, २४ तास हलवत ठेवा, गाळा. मग अर्क पुन्हा थंड करा: मेण पांढरं होऊन खाली बसतं, ते गाळून टाका. हा अर्क मधाच्या कितीतरी पट जोरकस असतो. मधासारखाच लावला तर सगळ्या नळ्या क्षणात पिवळ्या होतात आणि काहीच कळत नाही. शंभरपट पातळ करून सुरुवात करा, आणि पातळ करायला ७० टक्के इथेनॉलच वापरा. पाणी घातलं की राळ बाहेर पडून द्रावण दुधासारखं होतं.

वहीत काय लिहायचं

दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी आपला आकडा ताडण्याआधी पद्धत, वेळ, मात्रा आणि समतुल्य सारखं आहे का ते पाहा. बहुतेक वेळा नसतं. म्हणून प्रत्येक खेपेला ॲस्कॉर्बिक आम्लाचं एक द्रावणही चालवा. तुमच्याच आठवडा-आठवड्यांच्या आकड्यांची तुलना त्याच्या आधाराने होते. आणि मधपाळाने ‘हे बाटलीवर छापू का?’ असं विचारलं तर स्पष्ट सांगा: अमुक रोगाला आळा घालतो असा दावा या चाचणीवरून करता येत नाही, आणि २०१८ च्या जाहिरात-दाव्यांच्या नियमांखाली तसं मनाला येईल ते छापताही येत नाही.

आमच्याकडची नोंद साधारण अशी असते: ‘नमुना ७. सातेरी, पेटी, यंत्राने काढलेला, तापवलेला नाही. काढणी मे, परिसरात जांभूळ. पाणी १९ टक्के. फोलिन, दोन तास, ७६०: ४७, खोटा मध ६, फरक ४१ मिग्रॅ गॅलिक आम्ल समतुल्य दर १०० ग्रॅम, तीन नळ्यांची सरासरी. डीपीपीएच, ३० मिनिटं, ५१७, रंग वजा: आयसी-५० अंतिम घनफळावर. एचएमएफ बाकी, पुढच्या मंगळवारी.’